मी बसले नाही

मी मैना बोलतेय. नाव पाखराचं असलं तरी मी कुत्री आहे. जात लॅब्रेडॉर, रंग वाळल्या कडब्यासारखा आणि नोकरी पोलीस खात्यात. धाराशिव जिल्ह्याच्या श्वान पथकात मी गांजा शोधायचं काम करते. माझं नाक चांगलं आहे, हे सांगताना मी उगाच लाजणार नाही. माणसं आपापल्या हुशारीबद्दल चारचौघांत संकोचतात आणि घरी गेल्यावर त्याच गोष्टी रंगवून सांगतात. आम्हा कुत्र्यांना ते जमत नाही. चांगलं आहे म्हणजे चांगलं आहे.

माझा जन्म पुण्याकडचा. आम्ही बरीच भावंडं होतो. एक दिवस खाकी कपड्यातला एक माणूस आला आणि त्यानं उंच गवतात चेंडू फेकला. माझे भाऊ थोडा वेळ हुंगून परत आले. मी आलेच नाही. चेंडू सापडेपर्यंत मी गवतातून बाहेर पडले नाही. त्या हट्टापायी माझी निवड झाली.

मग प्रशिक्षण. लोकांना वाटतं की आम्हाला गांजा खायला घालून त्याची चटक लावतात. बसस्टँडवर कितीतरी जण एकमेकांना हे छातीठोकपणे सांगताना मी ऐकलंय. साफ खोटं आहे. गुंडाळलेल्या टॉवेलाला गांजाचा वास लावायचे, तो लपवायचे, आणि मी तो शोधला की चेंडू खेळायला द्यायचे. मला चटक आहे ती चेंडूची. वास सापडला की काय करायचं, तेही पक्कं शिकवलं. भुंकायचं नाही, उकरायचं नाही. गप खाली बसायचं आणि नजर त्या जागेवर ठेवायची. माझं बसणं म्हणजे माझी साक्ष. मी एका जागी बसले की कुणाच्या तरी हातात बेड्या पडतात, हे कळायला मला फार दिवस लागले नाहीत.

मला सांभाळणारा हवालदार रामहरी परंडा तालुक्यातला. त्याचं सगळं घर मेंढरं राखणारं. आजा-पणजापासून कुत्री त्यांच्या दावणीलाच. मला पहिल्यांदा घरी नेलं तेव्हा त्याची आई म्हाळसाबाई माझ्याभोवती एक फेरी मारून म्हणाली, "ही कुत्री व्हय रं? हिला बघून लांडगा पळायचा न्हाय, जवळ येऊन बसंल."

"आये, ही मेंढरं राखायला न्हाय. हिचं काम नाकाचं हाय."

"मंग नाक तरी दाखव बाई," असं म्हणत तिनं माझं तोंड दोन्ही हातांनी वर केलं आणि खुशीत म्हणाली, "वल्लं हाय. चांगली हाय."

मैना हे नाव तिनंच ठेवलं. पुढं कागदावरही तेच चढलं.

रामहरी फार बोलत नाही. दोरी हातात धरली की तो माझं ऐकतो. हे सोपं वाटतं, पण पुष्कळ माणसांना ते येत नाही. दोरीला हलकासा हिसका दिला तर कुत्री थबकते, पायानं इशारा केला तर वळते. धरणाऱ्याच्या मनात आधीच काही ठरलेलं असेल, तर कुत्रीही तेच सांगू लागते. रामहरीनं दोरी नेहमी सैल ठेवली.

कामं खूप झाली. परंड्याच्या स्टँडवर कुर्डुवाडीच्या गाडीत, सीटखालच्या कपड्यांच्या बोचक्यापुढं मी बसले. बोचकं एका बाईचं होतं आणि तिच्या मांडीवर लेकरू झोपलेलं होतं. ज्याचा माल होता तो गाडीत नव्हताच. तो कधीच गाडीत नसतो. एका यात्रेत गेलो तेव्हा चिलमींचा धूर नुसता ढगासारखा तरंगत होता. चिलमी ओढणाऱ्यांकडं कुणी बघितलं नाही, आणि मला मात्र पार्किंगमधल्या दुचाकी हुंगायला लावल्या. माणसांचा कायदा एकच असतो म्हणतात. तो कुठं लावायचा आणि कुठं नाही, हे ती डोळ्यांनी ठरवतात. मला ते समजत नाही. माझ्याजवळ एकच माप आहे आणि ते माझ्या तोंडावर पुढंच लावलेलं आहे.

आता मला जे सांगायचंय ते हिवरझरीचं. ईट गावाच्या पलीकडं, माळाच्या उतारावर हे गाव आहे. पहिल्यांदा आम्ही तिथं गेलो ते ग्रामसभेला. गावात तरुण पोरांमध्ये गांजा वाढलाय अशी तक्रार होती, म्हणून पोलिसांनी माहिती द्यायची, असं ठरलं होतं. समाजमंदिरासमोर 'व्यसनमुक्त हिवरझरी' अशी नवी कोरी पाटी लावलेली होती. ती पाटी गावाला दिली होती फाट्यावरच्या पशुखाद्याच्या दुकानदारानं, बलभीमनं. तो मागच्या रांगेत खुर्ची टाकून बसला होता. त्याच्या कपड्यांना अत्तराचा इतका उग्र वास होता, की मी तोंड फिरवून घेतलं.

रामहरीचं बोलून झालं आणि शिवकन्या उभी राहिली. तिशीची असेल. शेतीचं शिक्षण घेऊन गावी परतलेली. घायपाताच्या धाग्यापासून दोर, पायपुसणी, पिशव्या करणारा बायकांचा गट तिनं उभा केला होता. तिनं पिशवीतून पांढरट धाग्याची एक लड काढली आणि सगळ्यांना दिसेल अशी वर धरली.

"ज्या झाडाला आपण गांजा म्हणतो ना, त्याच्याच देठाचा हा धागा आहे," ती म्हणाली. लोक चपापले. "घाबरू नका. नशा असते ती शेंड्याच्या फुलोऱ्यात. कायद्यानं गांजा म्हटलंय तेही त्या फुलोऱ्यालाच. देठात नुसता धागा. काही डोंगरी राज्यांत सरकार परवाना देतं, नशा नसल्यात जमा असलेलं वाण देतं आणि शेतकरी धाग्यासाठी ते लावतात. उसापेक्षा पाणी कितीतरी कमी लागतं. चोरून लावा असं मी म्हणत नाही. उघडपणे सरकारला परवाना मागू, असा ठराव करा म्हणते."

"म्हंजी आता गावात गांजाच पिकवायचा म्हना की!" मागून बलभीम ओरडला आणि बरेच जण हसले.

तेवढ्यात सिताबाई उठल्या. गावातल्या बायका जमवून दारूचा गुत्ता बंद पाडलेली ही बाई. त्या उठल्या की हसणं आपोआप थांबतं.

"शिवकन्या, तुझं शिक्षान समदं चांगलं हाय," त्या म्हणाल्या. "पन माझा योगीराज कसा व्हता अन् कसा झाला, ते समद्या गावानं पाह्यलंय. ट्रॅक्टर चालवायचा, कुस्ती खेळायचा. आता दिसभर बाजंवर पडून असतो. त्या झाडाचं नावसुदिक ह्या गावात नको मला."

"काकू, योगीराजला ज्यानं हे लावलं, त्याच्याकडं परवाना होता का? चोरीनं चालतंय म्हणूनच ते कुणाला धरता येत नाही. उघड झालं तर..."

"तुला वकिलावानी बोलता येतं पोरी. मला आईवानीच बोलता येतं. माझा इरोध हाय, लिहून घ्या."

ठराव बारगळला. सभा संपल्यावर सिताबाई रामहरीशी बोलायला आमच्याजवळ आल्या आणि मी त्यांचा पदर हुंगला. चुलीचा धूर, शेणाचा वास, आणि त्याखाली फिका, शिळा, पण मला पक्का माहीत असलेला वास. घरात कुणीतरी ओढत असेल तर कपड्यांना लागतो तसा. मी रामहरीकडं पाहिलं. त्याच्या लक्षात आलं. त्यानं माझ्या मानेवर हात ठेवला आणि मला बाजूला घेतलं. बाई सगळ्यांसमोर आपलं दुःख सांगून आली होती. तिच्याविषयी आणखी काही सांगायची गरज नव्हती.

आठवडाभरात आम्हाला पुन्हा हिवरझरीला बोलावणं आलं. या वेळी छापा होता आणि तोही शिवकन्याच्या शेतातल्या शेडवर.

सकाळची वेळ. छाप्याचे साहेब तरुण होते, जिल्ह्यात नवीन आलेले, कामाला तडफदार. त्यांना फोनवर टीप मिळाली होती, की बाईनं गांजाची पोती भरून ठेवलीत. गावातला एक जण मोबाइल उंच धरून आपल्या चॅनलसाठी चित्रण करत होता. कुंपणापलीकडं निम्मं गाव उभं होतं. त्यात बलभीमही होता.

शेडमध्ये खरोखरच देठांच्या मोळ्या रचलेल्या होत्या आणि कोपऱ्यात बियांचं पोतं होतं.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"धाग्याचा नमुना, साहेब. बायकांना शिकवायला आणलाय. परवानाधारक शेतकऱ्यांकडून. हे बिल बघा."

"बिल कुणीही छापतं. हे गांजाच्या झाडाचे दांडे आहेत की नाहीत?"

"त्याच झाडाचे आहेत, पण..."

"झालं. कबूल केलंत तुम्ही."

 शिवकन्याच्या अंगाला घामाचा वास येत होता, भीतीचा घाम असतो तसा. पण ती जागची हलली नाही. त्या मोळ्यांचं वजन गांजा म्हणून धरलं असतं, तर ती कित्येक वर्षं तुरुंगात गेली असती आणि जामीनही लवकर मिळाला नसता. हे तिला माहीत होतं, आणि रामहरीलाही.

पंच म्हणून साहेबांनी ग्रामसेवकाला आणि सिताबाईंना बोलावलं. त्यांनी मुद्दामच सिताबाईंना निवडलं होतं. ग्रामसभेत उघड विरोध केलेली बाई ऐनवेळी मागं फिरणार नाही, असा त्यांचा हिशेब.

मग माझी पाळी आली. रामहरीनं दोरी सैल सोडली. "हुडक, मैना."

मी आत शिरले. पहिल्या मोळीला नाक लावलं. ओळखीचं घराणं, यात शंका नाही. पण त्यात काही उरलेलंच नव्हतं. पाण्यात कुजवून, उन्हात वाळवून, झोडपून काढलेला कोरडा देठ. पावसात भिजलेल्या दोरखंडासारखा वास. बियांचं पोतं हुंगलं. तेलकट, गोडसर, कारळ्यासारखं. मला शिकवलेला वास म्हणजे त्या चिकट, उग्र फुलोऱ्याचा. तो डोक्यात घण घातल्यासारखा येतो. तो इथं नव्हता. कायद्याच्या पुस्तकात काय लिहिलंय ते मला वाचता येत नाही. पण त्या पुस्तकानं देठ आणि फुलोरा यांत जो फरक केलाय, तोच माझं नाक रोज करत आलं होतं. मी अख्खं शेड फिरले, कौलाच्या वाशापर्यंत हुंगलं आणि परत येऊन रामहरीजवळ उभी राहिले.

मी बसले नाही.

"परत फिरवा," साहेब म्हणाले.

मी परत फिरले आणि परत तशीच आले.

साहेब पुढं झाले, मोळीकडं बोट दाखवून मला म्हणाले, "सिट!"

मी त्यांच्याकडं पाहिलं, मग रामहरीकडं. मी एकाच माणसाच्या हुकमावर चालते. साहेबांच्याही ते लक्षात आलं.

"रामहरी, तिला इथं बसवा. व्हिडिओ चालू आहे."

इथं मी तुम्हाला खरं सांगते. रामहरी नुसता "बैठ" म्हणाला असता, तर मी बसले असते. त्या मोळीपुढं, मोबाइलसमोर, सगळ्या गावादेखत. मी हुकमाची आहे. माझं बसणं सगळ्यांनी पाहिलं असतं आणि रामहरीचा हळू आवाजातला हुकूम कुणालाच ऐकू गेला नसता. त्या घडीला माझं नाक काहीच करू शकत नव्हतं. सगळं त्याच्या जिभेवर होतं.

रामहरीनं दोरी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"साहेब, तिला इथं वास न्हाय."

"मला डोळे आहेत रामहरी. समोर दांडे दिसताहेत. कुत्रीला सर्दी झाली असेल."

"डोळ्यांनी दिसलं ते तुम्ही लिहा साहेब, माझी काय हरकत न्हाय. पन नाकाचं काय झालं, ते जसं झालं तसंच लिहावं लागंल. म्या तिला बसवनार न्हाय."

"तुम्हाला कळतंय ना तुम्ही काय बोलताय?"

"व्हय साहेब."

त्याचा आवाज वर गेला नाही. दोरीही सैलच राहिली. मी त्याच्या पायाला टेकून उभी राहिले.

साहेबांनी शिपायाला पंचनामा पुढं न्यायला सांगितलं. शिपाई लिहीत गेला आणि शेवटी कागद सिताबाईंपुढं धरला. "मावशी, इथं सही करा."

"आधी वाचून दाखवा."

शिपाई वाचू लागला. श्वानाने संशयित मालाजवळ इशारा दिला, या वाक्यावर सिताबाईंनी हात वर केला.

"इशारा म्हंजी काय?"

"म्हणजे कुत्री बसली, मावशी."

"कवा बसली? म्या इथंच उभी व्हते. ती बसली न्हाय."

साहेब मऊ आवाजात म्हणाले, "सिताबाई, गावात गांजा नको असं तुम्हीच म्हणत होता ना? मग आम्ही तुमचंच काम करतोय."

"नकोच हाय साहेब. आजबी नको. ही पोरगी चुकतीय, आसं मला वाटतं, अन् फुडच्या ग्रामसभेत बी म्या हिच्या इरोधात उभी राहीन. पन जे झालंच न्हाय, त्याच्यावर सही करनार न्हाय. आज हिच्या शेडात कुत्री न बसता बसली म्हनून लिहिलं, तर उद्या माझ्या घरात बी तसंच लिहाल."

 शिवकन्या सिताबाईंकडं बघतच राहिली.

साहेब शेडबाहेर गेले आणि त्यांनी फोन लावला. सरकारी वकिलांना असावा. बराच वेळ ते फक्त ऐकत होते. मधूनच एखादा प्रश्न विचारत, मग पुन्हा ऐकत. आत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता, पण मान ताठ होती. चॅनलवाल्याला म्हणाले, "ते बंद करा आता." शिपायाला म्हणाले, "नवीन कागद घ्या. श्वानाने इशारा दिला नाही, असं लिहा. देठ आणि बी यांचे नमुने प्रयोगशाळेकडं पाठवू. अटक नाही."

शिवकन्याला त्यांनी सांगितलं, "अहवाल येईपर्यंत यातली काडीही हलवायची नाही."

"नाही हलवणार, साहेब."

 मग गाडीतली बाटली काढून त्यांनी स्वतः माझ्या भांड्यात पाणी ओतलं. मी प्याले. त्यांच्या हाताला राग नव्हता.

एवढ्यावर सगळे पांगायला लागले होते. सिताबाई मात्र तिथंच उभ्या होत्या.

"साहेब," त्या म्हणाल्या, "आता माझ्या घरी चला."

"तुमच्या घरी? कशाला?"

"ही कुत्री खोटं बोलत न्हाय, हे म्या आत्ता पाह्यलं. माझ्या घरात ते हाय. योगीराज आननारा, ओढनारा. म्या रोज हुडकते, गवसत न्हाय. आता हिलाच हुडकू द्या."

"काकू, अहो..." शिवकन्या पुढं झाली. "गुन्हा होईल त्याच्यावर."

"व्हू दे. असा बी तो रोज थोडा थोडा मरतोयच की. म्या बघत बसायचं का?"

साहेबांनी रामहरीकडं पाहिलं. रामहरीनं दोरी सैल केली.

योगीराज ओसरीवर बाजेवर पडला होता. अंगापिंडानं मोठा, पण आतून रिकामा झालेला. पोलीस बघून उठून बसला, पळाला मात्र नाही. पळायचीही ताकद नसावी. मी चुलीजवळून गेले, धान्याच्या कोठीजवळून गेले, देव्हारा ओलांडला. मधल्या खोलीत भिंतीवर एका माणसाचा फोटो होता, त्याला चंदनी हार घातलेला. त्या फोटोखाली मी बसले. हुकूम नव्हता, इशारा नव्हता. मी आपली बसले आणि नजर वर ठेवली.

शिपायानं फोटो उतरवला. त्याच्या मागं पुठ्ठ्यात खोचलेली लहानशी पुडी होती.

सिताबाईंनी ती पाहिली. मग लेकाकडं पाहिलं. "बापाच्या फोटूमागं लपवलंस व्हय रं?"

 योगीराजनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तो रडू लागला. गळा मोकळा करून रडला. त्या घरात असं कुणी खूप दिवसांत रडलं नसावं, कारण रडणं ऐकून गोठ्यातली गाय हंबरली.

साहेब कागद काढत होते. तेव्हा शिवकन्या दारातून बोलली. तिला बोलायचं काही कारण नव्हतं. तिच्यावरचं संकट नुकतंच टळलं होतं, गुपचूप घरी जाता आलं असतं.

"साहेब, माल अगदी थोडा आहे आणि तो याच्या स्वतःच्या व्यसनाचा आहे. व्यसनी माणूस आपणहून उपचाराला तयार झाला, तर कायद्यात त्याच्यासाठी वाट ठेवलीय. तुम्हालाही ती माहीत आहे."

"माहीत आहे," साहेब म्हणाले. "पण तो तयार पाहिजे. आणि तसं कोर्टाला पटलं पाहिजे." त्यांनी बाजेपाशी वाकून विचारलं, "योगीराज, दवाखान्यात राहून उपचार घेशील का? कुणी जबरदस्ती करत नाही. तूच सांग."

त्यानं आईकडं पाहिलं. मग म्हणाला, "आय संग येनार का?"

"चल," सिताबाई म्हणाल्या आणि लगेच पायांत चपला सरकवल्या.

जाण्याआधी योगीराजनं स्वतःच साहेबांना सांगितलं, की माल फाट्यावर मिळतो. बलभीमच्या दुकानात, सरकीच्या पेंडीच्या पोत्यांत. गावातल्या पोरांना आधी फुकट दिला जातो, आणि सवय लागली की मग फुकट मिळत नाही.

पुढचं काम माझ्या आवडीचं. बलभीम आमच्या आधीच दुकानावर पोचून शटर ओढत होता. आम्हाला पाहून हसला आणि साहेबांना चहा मागवू लागला. अत्तराचा भपकारा, पेंडीचा वास, गुळाच्या पाण्याचा वास, उंदीर मारायच्या औषधाचा वास. माणसांना वाटतं की एका वासानं दुसरा झाकला जातो. आम्हाला सगळे वेगवेगळे येतात, जसे तुम्हाला एकाच ताटातले भात आणि वरण वेगळे दिसतात. मी मागच्या भिंतीपर्यंत गेले, थप्पीच्या तळाशी असलेल्या पोत्यापुढं बसले आणि रामहरीकडं वळूनही पाहिलं नाही. चिकट, हिरवा, फुलोऱ्याचा वास. तोच तो. थप्पी हलवल्यावर दाबून बांधलेले गठ्ठे निघाले. दुकानातल्या हमालांनीही आश्चर्यानं तोंडावर हात ठेवला.

साहेब बलभीमला म्हणाले, "सकाळी फोनवर शिवकन्याबाईंचं नाव घेतलं ते तुम्हीच ना? आवाज ओळखला मी."

 बलभीम माझ्याकडं बघत होता, आणि मी त्याच्याकडं.

यानंतर काय झालं तेही सांगते. प्रयोगशाळेचा अहवाल आला, देठात आणि बियांत गांजा नाही असा. शिवकन्याचा माल मोकळा झाला. बलभीमचा खटला उभा राहिलाय, चालेल त्याच्या गतीनं. समाजमंदिरापुढची पाटी गावानं काढली नाही, फक्त खालचं देणगीदाराचं नाव रंगानं पुसलं. रामहरीची बढती या प्रकरणामुळं काही लवकर आली नाही, आणि अडलीही नाही. साहेब अजूनही कडकच आहेत. पण हल्ली छाप्याआधी ते रामहरीला एक वाक्य नेहमी ऐकवतात, "कुत्री जे सांगेल तेच लिहायचं." जसं काही हे वाक्य त्यांचंच आहे. रामहरी "व्हय साहेब" म्हणतो.

योगीराजला कोर्टानं शिक्षेऐवजी उपचारांची वाट दिली. तो दवाखान्यात राहिला. पहिल्यांदा अर्ध्यातून पळून आला, तेव्हा सिताबाईंनी त्याला चहा पाजला आणि पुढच्या गाडीनं परत नेऊन सोडला. दुसऱ्यांदा तो पूर्ण राहिला.

मागच्या ग्रामसभेला आम्ही पुन्हा गेलो होतो. शिवकन्यानं तोच ठराव परत मांडला. सिताबाई परत विरोधात उभ्या राहिल्या, बोलल्याप्रमाणे. दोघी तासभर भांडल्या. शेवटी सिताबाई म्हणाल्या, की आधी गावात दर महिन्याला व्यसनमुक्तीचे डॉक्टर आले पाहिजेत, ते ठरावात पहिल्या ओळीत लिहा. मग खाली परवान्याचं लिहा. शिवकन्यानं तिथल्या तिथं ते लिहून घेतलं. हात वर झाले आणि ठराव मंजूर झाला. सिताबाईंनी हात वर केला नाही आणि खालीही ठेवला नाही, गालाला लावून बसल्या. सरकारकडून उत्तर अजून यायचंय. डॉक्टर मात्र यायला लागलेत.

सभा सुटल्यावर योगीराज माझ्याजवळ आला. ट्रॅक्टरवरून उतरून तसाच आला होता. खाली बसून त्यानं हात पुढं केला. गप्पा मारणाऱ्या बायका थांबल्या. सिताबाई पदर मुठीत धरून बघत राहिल्या. मला कळलं की सगळे कशाची वाट बघताहेत. मी सावकाश हुंगलं. डिझेल, ओली माती, बिडी थोडीशी, कांद्याची पात. तळवा, बोटं, मनगट, बाहीची घडी. मग मी त्याचा हात चाटला आणि सिताबाईंच्या मुठीतला पदर सुटला.

आता माझ्या तोंडावरचे केस पांढरे झालेत. लवकरच मी निवृत्त होईन. रामहरीनं मला घरी न्यायचा अर्ज केलाय आणि म्हाळसाबाईनं माझ्यासाठी लिंबाखाली जागाही झाडून ठेवलीय. माझ्या जागी नवीन पिल्लू येईल. त्याला सगळे वास शिकवतीलच. त्याच्या गळ्यातली दोरी ज्याच्या हातात जाईल त्यानं ती सैल धरावी, एवढं त्या माणसाला कुणीतरी शिकवा.

आणि तुम्हाला एक विनंती. परवाना द्यावा की नाही, कायदा मऊ असावा की कडक, यावर तुम्ही खुशाल भांडा. शिवकन्या आणि सिताबाई भांडतात तसं, समोरासमोर, उजेडात. पण तुमच्या घरात किंवा शेजारी एखादा योगीराज असेल, तर त्याच्याबरोबर दवाखान्यापर्यंत कुणीतरी जा. कुठं लपवलंय ते मी सांगू शकते, आजही, डोळे मिटून. त्याला हाताला धरून गाडीत बसवणं मात्र नाकाचं काम नाही. ते तुम्हीच करायचं आहे.